आजोळी पाठवलेली टेस्ट

घरी ती धाकटी जाऊ. ऑफिसात मात्र अख्खी टीम तिच्या हाताखाली, आणि गेल्या काही महिन्यांपासून त्या टीममध्ये तिची थोरली जाऊसुद्धा. असली उलटी उतरंड कुठल्या शहाण्यानं रचली म्हणाल, तर स्वतः धाकटीनंच. थोरलीचा अर्ज तिनंच पुढे सरकवला होता, मॅनेजरकडे शब्दही तिनंच टाकला होता, आणि तो टाकताना आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं तिला वाटलंही होतं.

मोठं मन वगैरे काही नव्हतं, उपकारांची परतफेड होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा घरातल्या दोन्ही सुना प्रोग्रामर होत्या. एकीनं घरी राहायचं होतं. त्यावर कोणी सभा भरवली नाही की मतं मागितली नाहीत. एका सोमवारी थोरली कामावर गेली नाही, एवढंच. मग ती वर्षानुवर्षं गेली नाही. सासूबाईंची कूस बदलणं, औषधं, पथ्यपाणी सगळं तिनं केलं; वर धाकटीची मुलगी समोरासमोरच्या दारांमुळे तिच्याच घरात वाढली आणि तिला 'मोठी आई' म्हणायला लागली. इकडे धाकटी एकेक पायरी चढत गेली. पुढे सासूबाई गेल्या, थोरलीचा मुलगा शिकायला दूर गेला, आणि एका संध्याकाळी थोरली भाजी निवडता निवडता म्हणाली, "धाकटे, मला अजून जमेल का गं ते सगळं?"

"न जमायला काय झालं, वहिनी?" धाकटी म्हणाली. मनापासून म्हणाली होती, हेही सांगायला हवं.

पण ऑफिसात 'वहिनी' म्हणायचं नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी ठरवलं. नावानं हाक मारावी तर जीभ उचलेना. मग ती थोरलीला काहीच म्हणेनाशी झाली. "ऐका ना", "हे बघा", "जरा इकडे", अशा तिच्या हाका; रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला माराव्यात तशा. दोघी जावा आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत नसल्याचं सोंग सगळे छान वठवत होते. धाकटीनं त्याचा फार धसका घेतला. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून तिनं थोरलीला कायम कमीच माप दिलं. इतरांच्या चुका ती बाजूला बोलावून सांगायची, थोरलीच्या सगळ्यांदेखत. आणि याला ती न्याय म्हणायची.

त्यांची कंपनी इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर करायची. स्कॅनच्या यंत्रावर कोणत्या रुग्णाला कोणती वेळ द्यायची, हे ते सॉफ्टवेअर क्लाउडवरून ठरवायचं. क्लाउड म्हणजे काही आभाळात नसतं, कुठेतरी दूर भाड्यानं घेतलेली यंत्रं असतात. कोडमध्ये कोणी काडीचाही बदल केला, की तो पुढे जाण्याआधी त्याच्यावर टेस्ट चालायच्या. टेस्ट म्हणजे छोटे छोटे तपासनीस. एकेकानं कोडच्या एकेका तुकड्याला एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर बरोबर आलं तर सोडायचं. सगळ्यांनी सोडलं की भिंतीवरचा दिवा हिरवा. एकानं जरी अडवलं की दिवा लाल, आणि सगळ्यांची कामं खोळंबलेली.

धाकटी येण्याआधी या तपासणीला इतका वेळ लागायचा की माणसं बदल पाठवून चहाला जायची, चहावर गप्पा व्हायच्या, गप्पांवर पुन्हा चहा. धाकटीनं हे मोडून काढलं. ज्या तुकड्याला हात लागलाय त्याच्याच टेस्ट चालवायच्या, बाकीच्यांना उगाच झोपेतून उठवायचं नाही. चालवायच्या त्याही एकामागून एक नाहीत, वेगवेगळ्या यंत्रांवर वाटून एकदम. महिन्याभरात पहिला कप निम्मा व्हायच्या आत दिवा हिरवा व्हायला लागला. चहाच्या यंत्रावर आता कोळी जाळं विणेल, असं लोक म्हणायचे. दुसऱ्या टीममधली माणसं बघायला यायची, आणि धाकटी आढेवेढे घेतल्यासारखं करून त्यांना सगळं दाखवायची. काम खरोखरच चोख होतं, ते नाकारण्यात काही अर्थ नाही.

आता गाडी अशी पळायला लागल्यावर तिला अडवणारा कोणी खपत नाही. काही टेस्ट लहरी असतात. कोडला कोणी बोटही लावलेलं नसताना आज पास, उद्या नापास, परत चालवली की पुन्हा पास. अशा टेस्टला ही मंडळी 'आजोळी' पाठवायची. आजोळ नावाचा एक फोल्डरच होता. त्यात टाकलेली टेस्ट चालतच नाही, नुसती लोळत पडते. सवडीनं बघू म्हणून पाठवायचे, आणि ती सवड काही कधी व्हायची नाही. सकाळी सगळे उभ्यानं मीटिंग घ्यायचे, तेव्हा या पाठवणीचा छोटासा सोहळा असे. ज्याची टेस्ट त्यानं पुढे यायचं. धाकटीनं गंभीर चेहऱ्यानं जाहीर करायचं, "यांचं लेकरू आजोळी चाललं," आणि त्याला काहीतरी खोचक शेपूट जोडायचं. लोक खदाखदा हसायचे. धाकटीला माणसं हसवता यायची, आणि येतात हे तिला पक्कं ठाऊक होतं.

थोरलीनं लिहिलेली एक टेस्ट अशीच निघाली. तिचा प्रश्न साधा होता. स्कॅनच्या एकाच वेळेसाठी दोन रुग्णांनी एकाच क्षणी मागणी केली, तर ती वेळ एकालाच मिळते ना? थोरलीच्या लॅपटॉपवर उत्तर नेहमी बरोबर यायचं. क्लाउडवर मात्र ही टेस्ट मधूनच नापास व्हायची, दिवा लाल करायची, आणि परत चालवली की जणू काही घडलंच नाही अशी पास. थोरली हात धुवून तिच्या मागे लागली. जेवणाच्या सुट्टीतही डबा एका बाजूला आणि स्क्रीन एका बाजूला. शेवटी एकदा ती बिचकत धाकटीच्या टेबलाशी आली.

"मी काय म्हणते, चूक टेस्टमध्ये नसेल आणि कोडमध्येच असेल, असं होऊ शकतं का?"

"तो कोड केव्हाचा चालतोय," धाकटी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "नाचता येईना, अंगण वाकडं. आणि एकाच क्षणी दोघं मागतातच कशाला? असं कोण करतं?"

तो कोड धाकटीनं स्वतः लिहिलेला होता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीला पुढे बोलावण्यात आलं. ती आली, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून उभी राहिली. धाकटीनं घसा खाकरला. "यांचं लेकरू आजोळी चाललं. आईवरच गेलंय बिचारं. इतकी वर्षं घरात बसल्यावर बाहेरच्या गर्दीत भांबावायचंच."

हशा झाला. टीममधल्या सगळ्यात किडकिडीत मुलाला सगळे पैलवान म्हणत, तो तर टेबल बडवून हसला. थोरलीही हसली. त्या संध्याकाळी धाकटी घरी पोहोचली तेव्हा मुलगी मोठ्या आईकडे जेवून, अभ्यास करून, वेणी घालून तयार होती. थोरली काहीच बोलली नाही. बोलली नाही म्हणजे लागलं नाही, असा सोयीचा अर्थ धाकटीनं काढला आणि मुलीला घेऊन ती समोरच्या दारात शिरली.

थोरलीच्या प्रोबेशनची मुदत संपत आली तसं मॅनेजरनं धाकटीला विचारलं. "माझ्या नात्यातल्या आहेत, त्यामुळे मी काही बोलत नाही," ती म्हणाली, आणि मग बोलली. "माणूस कष्टाळू आहे, त्यात वाद नाही. पण टेस्ट भरवशाच्या नाहीत. वेग नाही. टीमची गाडी अडते." मॅनेजरनं मान हलवली आणि तिघांची बैठक ठरवली.

बैठकीच्याच दिवशी सकाळी एका इस्पितळाची तक्रार आली. एकाच यंत्रावर, एकाच वेळेला दोन रुग्ण हजर झाले होते. एक निवृत्त बसचालक, दुसरी शाळेतली बाई. दोघांनाही वेळ पक्की झाल्याचा निरोप मिळालेला, दोघंही सांगितल्याप्रमाणे उपाशीपोटी आलेले. शाळेतल्या बाईला आत घेतलं. म्हातारा बायकोचा खांदा धरून परत गेला, आणि पुढची रिकामी वेळ मिळेपर्यंत दुखणं तसंच अंगावर काढत बसला. तक्रार लिहिणाऱ्या इस्पितळातल्या बाईनं शेवटी लिहिलं होतं, "असं आधीही झालं होतं. तेव्हा आम्हाला आमच्याच माणसांची चूक वाटली, आणि आम्ही त्यांना बोल लावला."

एकाच वेळेला, एकाच क्षणी दोन रुग्ण. हा प्रश्न आपण कुठेतरी वाचलाय, असं धाकटीला वाटलं. कुठे, ते आठवायला जरा वेळ लागला. थोरलीच्या टेस्टमध्ये.

तिनं थोरलीची टेस्ट आजोळच्या फोल्डरमधून बाहेर काढली आणि क्लाउडवर, ऐन गर्दीत, पुन्हा पुन्हा चालवली. पास, पास, नापास. मग तिनं आपला कोड उघडला. वेगाच्या नादात तिनं त्यात एक जवळची वाट काढून ठेवली होती. 'ही वेळ रिकामी आहे का?' हे दर वेळी डेटाबेसला विचारत बसण्यापेक्षा, क्षणभरापूर्वीचं उत्तर लक्षात ठेवायचं आणि तेच सांगून टाकायचं. विचारणारा एकटा असेल तर काही बिघडत नाही. दोघांनी एकदम विचारलं तर दोघांनाही तेच शिळं उत्तर: रिकामी आहे, या. लॅपटॉपवर सगळं निवांत असायचं, तिथे ते दोघं रांगेत एकामागे एक यायचे. क्लाउडवर, धाकटीनंच जमवलेल्या धावपळीत, कधी कधी खरोखर एकदम येऊन धडकायचे. टेस्ट लहरी नव्हतीच. नापास व्हायची तेव्हा ती खरं बोलत होती, आणि तेवढ्यासाठीच तिला घराबाहेर काढलं होतं.

'आईवरच गेलंय बिचारं' हे स्वतःचं वाक्य तिला स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं, मागच्या हशासकट. आपण हे कुणाला म्हणालो, आणि ती घरात कुणासाठी बसली होती, हे दोन्ही एकदमच मनात आलं. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, पण तिसऱ्या मजल्यावर तीही सोय नसते.

खरं तर लगेच उठून मॅनेजरचं दार वाजवायला हवं होतं. धाकटी उठली नाही. आधी दुरुस्ती, रुग्णांचं महत्त्वाचं, असं तिनं स्वतःला बजावलं. ते खरंही होतं, म्हणून तर त्याच्या आड लपायला बरं पडलं. तिनं ती जवळची वाट बुजवली आणि एकाचं नक्की होईपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं, असा बंदोबस्त केला. दुरुस्ती पटकन झाली. तिच्या वर्णनात काय लिहायचं, यावर मात्र ती बराच वेळ अडून बसली. 'चूक' लिहिलं, खोडलं. 'माझ्या कोडमधली चूक' लिहिलं, तेही खोडलं. अखेर 'किरकोळ सुधारणा' असं लिहून तिनं ते पुढे पाठवलं. थोरलीची टेस्ट गुपचूप तिच्या मूळ जागी ठेवली आणि गर्दीत चालवून पाहिली. आता ती एकदाही नापास झाली नाही. इस्पितळाला कळवलं की तांत्रिक अडचण दूर झाली आहे. अडचण जशी काही आपल्या पायांनी चालत आली होती.

सारवासारव झाली, असं तिला वाटतं न वाटतं तोच थोरली जवळजवळ धावतच आली.

"धाकटे!" ऑफिस आहे हेच ती विसरली. दोन-चार माना वळल्या. "माझी टेस्ट परत आली! हिरवी आहे, एकदाही नापास नाही. तू केलंस ना? तूच केलं असणार. काय चुकत होतं गं माझं?"

थोरलीचा चेहरा इतका उजळला होता की धाकटीला तिच्याकडे बघवेना. "काही विशेष नाही," ती म्हणाली. "जरा वेळेचा घोळ होता. केलं मी नीट."

"बघ, मी म्हणतच होते, माझंच काहीतरी सुटतंय. मला दाखवशील सवड झाली की? पुन्हा नको व्हायला." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुझा केवढा वेळ खाल्ला मी. सकाळपासून पोटात काही गेलेलं दिसत नाही तुझ्या." आणि तिनं आपल्या डब्यातलं सोललेलं संत्रं धाकटीच्या टेबलावर ठेवलं.

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर एखादी तरी परतवता आली असती. संत्र्याच्या फोडी दुपारपर्यंत तिथेच सुकत राहिल्या.

बैठक काचेच्या खोलीत होती. मॅनेजर भला माणूस, पण कडू बोलायची वेळ आली की तो आधी तासभर साखर पेरायचा. टीम म्हणजे कसं कुटुंब असतं, प्रत्येकाचा वेग कसा निराळा असतो, असं त्यानं सुरू केलं. थोरलीनं त्याला मध्येच थांबवलं.

"सर, तुम्हाला अवघड व्हायला नको, मीच सांगते. माझ्या टेस्ट भरवशाच्या नाहीत, हे खरंय. वेग नाही, हेही खरंय. इतकी वर्षं घरी होते, गंज चढायचाच. आजसुद्धा माझी टेस्ट हिनं स्वतःचं काम बाजूला ठेवून दुरुस्त केली. मला तक्रारींच्या फोनवर बसवा. तिथे माझ्यामुळे कोणाची गाडी अडणार नाही."

भरवशाच्या नाहीत. वेग नाही. गाडी अडते. शब्दन् शब्द धाकटीचा होता. बैठकीच्या निरोपासोबत मॅनेजरकडून तो थोरलीपर्यंत पोहोचला होता, आणि थोरलीनं तो उलटून विचारला नव्हता. धाकटीनं म्हटलंय म्हणजे तसंच असणार, असं धरून ती तो आता आपल्या तोंडानं परत करत होती.

मॅनेजरच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद पसरला. "हा तुमचा समजूतदारपणा मला फार..."

"टेस्ट बरोबर होती," धाकटी म्हणाली.

"काय?"

"वहिनींची टेस्ट बरोबर होती. पहिल्यापासून. चूक माझ्या कोडमध्ये होती."

ऑफिसात तिच्या तोंडून वहिनी हा शब्द पहिल्यांदाच बाहेर पडला होता, पण त्याकडे तिचं लक्ष नव्हतं. एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं. शिळं उत्तर, दोन रुग्ण, उपाशी परत गेलेला बसचालक, किरकोळ सुधारणा. बोलताना ती टेबलाकडे बघत होती. थोरली आपल्याकडे बघते आहे हे तिला न बघताही कळत होतं.

मॅनेजरनं हात झटकल्यासारखे हलवले. "अहो, असं होतं. ही कुणा एकाची चूक नसते, पद्धतीची असते. दुरुस्त झालंय ना? मग झालं तर." पद्धतीवर ढकललं की बरं असतं, तिला काही लाज वाटत नाही. मग तो थोरलीकडे वळला. "तुम्ही टीममध्येच राहा. तुमचं कायम करायचं मी आजच बघतो."

"बरं," थोरली म्हणाली आणि उठून निघून गेली.

धाकटीनं तिला जिन्यात गाठलं. लिफ्ट असून थोरली जिन्यानं निघाली होती.

"वहिनी."

थोरली खालच्या पायरीवर थांबली, तरी मागे वळली नाही. "सकाळी मी तुझ्यापाशी आले, विचारलं काय चुकलं माझं. तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

"मग?"

"लाज वाटली."

थोरलीनं कठड्यावरची धूळ बोटानं पुसली.

"लाज," ती म्हणाली. "माझं काय झालं होतं, माहितीये? गॅस बंद केलाय का बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत जायचे. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचे. तुझ्या लेकीला गणित शिकवताना आधी पुस्तकाच्या मागचं उत्तर बघायचे, म्हटलं आपलं चुकत असेल. तिच्या लक्षात आलं ते. म्हणाली, मोठी आई, तू आधी असं नव्हतीस करत." आता ती वळली. "इतके दिवस ही लाज मी वागवत होते, धाकटे. आणि ती तुझी होती."

"चुकलं माझं, वहिनी. मी खरंच..."

"मला नको सांगूस. आणि जिन्यात कोपऱ्यात तर मुळीच नको. हसवलंस कुठे सगळ्यांना?"

"सकाळच्या मीटिंगला."

"मग तिथे सांग."

संध्याकाळी धाकटीनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅनेजरला सांगितलंस ना? मग कशाला एवढं? वहिनी काही मनावर घेणाऱ्यांतल्या नाहीत."

वहिनी मनावर घेत नाहीत, या एका वाक्यावर या घरानं किती वर्षं रेटली होती. तीही त्याच घरातली होती. हेच वाक्य ती स्वतः त्याच्याहून जास्त वेळा बोलली होती.

दुसऱ्या दिवशी सगळे कप घेऊन गोल करून उभे राहिले. थोरली खिडकीपाशी होती. दिवा हिरवा होता.

"आज एक सांगायचंय," धाकटी म्हणाली.

"आज कोणाचं लेकरू?" पैलवाननं विचारलं, आणि हसायच्या तयारीनं कप खाली ठेवला.

रात्री तिनं वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. आता एवढे चेहरे आपल्याकडे वळलेले पाहून त्यातलं एकही आठवेना. आणि अशा वेळी जीभ जी वाट नेहमी धरते, तीच तिनं धरली. "तर मंडळी, मागे यांचं लेकरू आपण आजोळी पाठवलं होतं. चौकशीअंती असं निघालं की लेकरू गुणी होतं. आजोळी पाठवायला हवं होतं ते मला!"

हास्याचा स्फोट झाला. पैलवाननं टेबल बडवलं. कोणीतरी म्हणालं, "मग कधी निघताय?" त्यावर आणखी हसले. धाकटीच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. झालं की, सांगून झालं. आता इथेच थांबलं तर सगळे म्हणतील, काय दिलदार बाई आहे, स्वतःवरही हसते. तिनं थोरलीकडे पाहिलं.

थोरली हसत नव्हती. रागानंही बघत नव्हती. तिला अजून काही सांगितलंच गेलं नव्हतं, आणि ती ऐकायला उभी होती.

"थांबा," धाकटी म्हणाली. लोक हसतच होते. "थांबा जरा. परत सांगते. नीट सांगते." हसणं एकेक करत विरेपर्यंत ती थांबली. मग पहिल्यापासून सुरुवात केली.

"ही माझी थोरली जाऊ. आमच्या सासूबाईंचं करायला या नोकरी सोडून घरी राहिल्या, म्हणून मी इथवर येऊ शकले. यांची टेस्ट बरोबर होती. चूक कोडमध्ये असेल का, असं यांनी मला विचारलंही होतं. कोड माझा होता. मी उघडूनसुद्धा बघितला नाही. आणि यांना इथे पुढे बोलावून, या घरात बसल्या म्हणून मी यांच्यावर हसले. तुम्हालाही हसवलं."

कोणी हसलं नाही. पैलवान आपल्या बुटांकडे बघायला लागला. धाकटी मध्येच अडली, आणि सवयीनं तिची नजर पुन्हा थोरलीकडे गेली. घरात असं कधी अडलं की पुढचं वाक्य थोरलीच पुरं करायची. थोरली जागची हलली नाही. आज ती मदतीला आली नाही. परत गेलेला बसचालक, 'किरकोळ सुधारणा', राहिलेलं सगळं धाकटीनं एकटीनं सांगितलं.